पगाराची ओळ कुठे गेली?

2023 साली महाराष्ट्रात तलाठी भरतीची जाहिरात निघाली. साडेचार हजारांहून अधिक जागा होत्या. वेतनस्तर एस-8, म्हणजे 25,500 ते 81,100 रुपये आणि वर नियमानुसार भत्ते, हे अगदी रुपयापर्यंत सांगितलेलं होतं. कोणत्या प्रवर्गाला किती जागा, वयाची अट काय, शुल्क किती (खुल्या प्रवर्गाला 1,000, राखीवला 900) याचाही तपशील होता. दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पण सज्जावर, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांत, रुजू झाल्यावर दिवस कसा जातो, ते सरकारी जाहिरातीतून सहसा कळत नाही. फेरफारावरून भांडणारे दोन भाऊ, अवकाळीनंतरचे पंचनामे, वाळूचा ट्रॅक्टर अडवायला रात्री नदीकाठी जाणं, यांची ओळख नेमणुकीचा आदेश हाती पडल्यावरच होते.

खासगी जाहिरातीत नेमका उलटा प्रकार. कामाबद्दल विशेषणंच विशेषणं असतात, 'डायनॅमिक', 'सेल्फ-मोटिव्हेटेड', 'दबावाखाली काम करण्याची तयारी'. पगाराच्या जागी मात्र 'योग्यतेनुसार', नाहीतर 'समक्ष भेटीत ठरेल'. नोकरीच्या पोर्टलांवर कंपनीने आकडा झाकायचं ठरवलं की तिथे 'नॉट डिस्क्लोज्ड' उमटतं. गंमत अशी की रविवारच्या छोट्या जाहिरातींच्या त्याच पानावर वधू-वरांच्या रकान्यात मुलाचा पगार, फ्लॅट, गावाकडची शेती, सगळं उघड छापलेलं असतं. आयुष्यभराचं नातं जुळवताना जे विचारायला आणि सांगायला कुणाला संकोच वाटत नाही, ते महिन्याच्या पगारावर माणूस ठेवताना झाकायचं, हा आपला रिवाज.

माझं म्हणणं असं आहे. पगार, कामाचे तास, ठिकाण आणि त्या कामातली सगळ्यात त्रासाची गोष्ट, एवढं ज्या जाहिरातीत नाही ती अपुरी आहे. यातला पगाराचा भाग तरी कायद्याने सक्तीचा व्हायला हवा. हे मी उमेदवारांबद्दलच्या कनवाळूपणातून म्हणत नाही. माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्या मालकाचाच यात पहिला फायदा आहे.

जाहिरात यशस्वी झाली का, हे आपण अर्जांच्या संख्येवर ठरवतो. 'एका जागेला चारशे अर्ज आले' हे मनुष्यबळ विभागात कौतुकाने सांगितलं जातं. त्या चारशेंपैकी तीनशे ऐंशी चुकीचे असतील तर ते वाचण्यात कुणाचे तरी दिवस गेले आणि त्या तीनशे ऐंशी जणांची आशा फुकट गेली. जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिना इथे विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा 2,000 च्या आसपास आणि आलेले तरुण 25,000 च्या आसपास. शेवटी अर्ज ठेवा आणि घरी जा, असं सांगावं लागलं. या गर्दीचं मूळ बेरोजगारीत आहे, जाहिरातीच्या भाषेत नाही, हे मला मान्य आहे. 2015 मध्ये उत्तर प्रदेश सचिवालयात शिपायाच्या 368 जागांसाठी 23 लाख अर्ज आले, त्यांत पीएच.डी. झालेले दोनशेहून अधिक होते. तिथे जाहिरात कितीही नीट लिहिली असती तरी फार फरक पडला नसता. पण सगळ्या नोकऱ्या शिपायाच्या नसतात आणि सगळ्या कंपन्यांपुढे रांग नसते. सांगलीच्या फौंड्रीला ओतकामाचे नमुने बनवणारा चांगला पॅटर्नमेकर मिळत नाही, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्याला पाच अक्षांच्या मशिनचा प्रोग्रॅमर मिळत नाही. तिथे जाहिरातीचा प्रत्येक शब्द मोजून लिहायला हवा, आणि तिथेही 'आकर्षक पगार' हेच दोन शब्द दिसतात.

जाता जाता एका वेगळ्या जातीच्या जाहिरातीबद्दल. काही जाहिराती वाचल्या जाऊ नयेत म्हणूनच दिलेल्या असतात. नियमाप्रमाणे जाहिरात देणं भाग आहे, माणूस आधीच ठरला आहे. मग कुणी न वाचणाऱ्या दैनिकात, आतल्या पानावर, अर्जाला जेमतेम आठवडा ठेवून ती छापायची. शिक्षणसंस्थांच्या वर्तुळात वावरलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. त्या जाहिरातींवर लेखनाचे धडे चालणार नाहीत, तो वेगळा रोग आहे.

पगार लपवण्यामागचा हिशेब सरळ आहे. समोरचा काय मागतो ते आधी पाहू. त्याने कमी मागितलं तर तेवढे पैसे वाचले. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'सध्या किती मिळतात?' आणि त्यावर वीस-पंचवीस टक्के चढवून देऊ केले जातात. यात कामाची किंमत ठरतच नाही, माणसाच्या मागच्या नोकरीची किंमत पुढे चालू राहते. ज्याची पहिली नोकरी गावातल्या छोट्या कंपनीत कमी पगारावर लागली, तो पुढे पुण्यात आला तरी तो कमीपणा बरोबर घेऊन येतो. मुलांसाठी तीन वर्षं घरी थांबलेल्या बाईचं तर विचारायलाच नको. तिला 'सध्याचा' पगारच नसतो. कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला मागचा पगार विचारायला मनाई आहे. आपल्याकडे मात्र पगाराच्या तीन स्लिपा मुलाखतीआधीच मागवतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली मांडलेल्या विचाराला पुढे 2001 मध्ये नोबेल मिळालं. मालकाला उमेदवाराची खरी कुवत बाहेरून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे पाहतो. पदवी मिळवायला वर्षं आणि पैसा लागतो आणि कच्च्या माणसाला ती जास्त महाग पडते, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. आता हेच उलट्या बाजूने पाहा. उमेदवारालाही कंपनी आतून दिसत नाही. त्याने कशावर विश्वास ठेवायचा? 'उत्तम वातावरण', 'प्रगतीची संधी', 'आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे' हे लिहायला काहीच लागत नाही. चांगली कंपनीही लिहिते, वाईट तर आधी लिहिते. विशेषणाला पैसे पडत नाहीत, आकड्याला पडतात. छापलेल्या आकड्यापासून मागे हटता येत नाही, म्हणून जाहिरातीतला तोच एक भाग वाचणाऱ्याला खरा वाटतो. नेमका तोच गाळून आपण बाकीचा मजकूर सजवत बसतो.

याचा एक पुरावा रोज डोळ्यांपुढे असतो. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या जाहिराती पाहा. हेल्पर, आयटीआय फिटर, व्हीएमसी ऑपरेटर. आठ तासांचे इतके, बारा तासांचे इतके, ओव्हरटाइम, कँटीन, बस कुठून सुटते, राहायची सोय आहे की नाही. बीड किंवा यवतमाळहून येणारा मुलगा आकडा कळल्याशिवाय एसटीत बसत नाही, हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं. ड्रायव्हर, स्वयंपाकी, वॉचमन यांच्या जाहिरातींतही पगार असतो. खुर्ची जसजशी वर चढते तसतशी जाहिरात अबोल होत जाते. मॅनेजरच्या जाहिरातीत कंपनीचा इतिहास, स्वप्नं, मूल्यं येतात, पगार येत नाही. ज्याला माणसाची खरोखर घाई आहे तो आकडा छापतो, इतकाच याचा अर्थ.

ठेकेदारांचे आकडे सरळ असतात असं मात्र नाही. बारा तासांचा पगार मोठ्या अक्षरात आणि 'बारा तास' बारीक अक्षरात, हे नेहमीचंच. सुशिक्षितांच्या बाजारात त्याच चलाखीला सीटीसी (कॉस्ट टू कंपनी), म्हणजे माणसामागे कंपनीला पडणारा एकूण खर्च, म्हणतात. वार्षिक 4,20,000 रुपयांची सीटीसी घ्या. वाचणारा मनात बाराने भागतो आणि 35,000 धरतो. मूळ वेतन निम्मं, म्हणजे 17,500 धरू. त्या 35,000 मधून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 गेला. ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाचे 4.81 टक्के, म्हणजे साडेआठशेच्या आसपास गेले, आणि ती ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं सलग टिकलात तरच हाती येणार. दहा टक्के 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरी पाहून द्यायचे, म्हणून बाजूला ठेवले तर 3,500 आणखी गेले. उरलेल्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात येतात 27,000 पेक्षा कमी. पस्तीस आणि सत्तावीस यांतलं अंतर म्हणजे पिंपरीत एका खोलीचं भाडं. यात कायद्याविरुद्ध काही नाही. पण पहिल्या महिन्याचा पगार खात्यात आल्यावर त्या मुलाच्या मनात जे बसतं, ते पुढे कितीही सहली आणि केककापणं केली तरी जात नाही.

पगार लिहिला म्हणजे जाहिरात झाली, असंही नाही. योग्य माणूस आकड्याने थांबतो आणि कामाच्या वर्णनाने अर्ज करतो. एक नमुना घेऊ. इचलकरंजीच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याची जाहिरात सहसा अशी असते : 'नामांकित टेक्स्टाइल ग्रुपसाठी अनुभवी, प्रामाणिक, होतकरू अकाउंटंट पाहिजे. टॅलीचे ज्ञान आवश्यक. आकर्षक पगार. त्वरित संपर्क साधा.'

मी ती अशी लिहीन : 'अकाउंटंट, 1 जागा, इचलकरंजी. सूतखरेदी आणि कापडविक्रीची बिलं टॅलीत घ्यायची. दर महिन्याच्या 11 तारखेआधी जीएसटीआर-1 आणि 20 तारखेआधी 3बी स्वतः भरता आला पाहिजे. जॉबवर्कची चलनं आणि आयटीसी-04 केलेलं असेल तर उत्तम. हाताखाली कुणी नाही. थकलेली येणी मागण्याचे फोन तुम्हालाच करावे लागतील. वेळ 10 ते 7, रविवार सुट्टी. मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑडिटच्या दिवसांत उशीर होतो. हातात 22 ते 26 हजार, पीएफ वेगळा, दिवाळीला एक पगार बोनस. आधीचे अकाउंटंट स्वतःची प्रॅक्टिस सुरू करत आहेत म्हणून जागा रिकामी.'

दुसरी जाहिरात लांब आहे, छापील पानावर तिला जास्त पैसे पडतील. पण फोनवर आता जागेचे पैसे नाहीत. आणि ती काय करते पाहा. 'प्रामाणिक' हा शब्द तिने काढून टाकला, कारण तो वाचून 'मी अप्रामाणिक आहे, अर्ज करत नाही' असं म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. येण्यांच्या फोनची ओळ वाचून बरेच जण पुढे सरकतील. हेच लोक रुजू होऊन तिसऱ्या महिन्यात 'हे आधी सांगितलं नव्हतं' म्हणत निघून गेले असते. आणि ज्याने खरोखर कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिले आहेत, त्याला जीएसटीच्या 11 आणि 20 या तारखा आणि जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-04 हे विवरणपत्र वाचताच कळतं की लिहिणाऱ्याला काम ठाऊक आहे. जाणकाराला जाणकाराची भाषा लगेच कळते, कौतुकाची गरज पडत नाही.

जागा का रिकामी झाली, ही ओळ तर मी जवळजवळ कुठल्याच जाहिरातीत पाहिलेली नाही. वास्तविक नव्या नोकरीबद्दल प्रत्येकाच्या मनातला तो पहिला प्रश्न असतो. दर सहा महिन्यांनी तीच जागा पुन्हा निघत असेल तर उत्तर देणं अवघड आहे, हे समजू शकतो. पण मग दुरुस्ती जाहिरातीची करायची की जागेची, याचा मालकाने विचार करावा.

पात्रतेच्या अटींचंही तेच. 'फ्रेशर चालेल, 2 वर्षांचा अनुभव आवश्यक' हा विनोद आता इतका जुना झाला की कुणी हसतही नाही. कुणीतरी मागच्या जाहिरातीची नक्कल करतो, साहेब त्यात दोन अटी घालतात, आणि ज्या कामाला बारावी आणि चांगली समज पुरते तिथे इंजिनिअर मागितला जातो. इंजिनिअर येतो, कंटाळतो आणि जातो. बारावीवाल्याने अर्जच केलेला नसतो.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष बोचतो. लातूर-धाराशिवच्या गावांत फिरून कर्जाचे हप्ते गोळा करायचे आहेत, बोलायचं आहे मराठीत, आणि जाहिरात इंग्रजीत, 'एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स' मागणारी. ज्याला गावच्या पारावर बसून माणसं हाताळता येतात तो ती वाचून मागे हटतो. ज्याला इंग्रजी येतं पण गावात बोलायचा धीर नाही तो पुढे येतो. बँकांनी यात जास्त शहाणपण दाखवलं आहे. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या लिपिक भरतीत त्या राज्याची भाषा येणं ही अट असते, कारण काउंटरवर कोण येणार हे त्यांना माहीत आहे. काम ज्या भाषेत होणार त्या भाषेत जाहिरात द्यावी, इतका हा साधा विचार आहे. यात अस्मितेचा प्रश्न आणायचीही गरज नाही.

अस्मितेचा प्रश्न दुसऱ्या बाजूने आलाच. 2024 मध्ये गिरगावातल्या एका जागेच्या जाहिरातीत मराठी माणसांचं स्वागत नाही असं चक्क लिहिलं गेलं, गदारोळ झाला, माफी आली. त्याच सुमारास गोव्यातल्या औषध कंपन्यांनी आपल्या तिथल्या कारखान्यांसाठी बोईसर आणि पुण्यात मुलाखती ठेवल्या आणि गोव्यात संताप उसळला. पहिल्या ठिकाणी आपण नाकारलेले होतो, दुसऱ्या ठिकाणी बोलावलेले. दोन्हीकडचा राग समजून घेणारा मराठी माणूस मला क्वचित भेटला. कायद्याच्या अंगाने पाहिलं तर सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला घटनेचं 16 वं कलम मनाई करतं, पण ते खासगी मालकाला बांधत नाही. स्त्री-पुरुष भेदापुरता 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतही मज्जाव केला होता आणि 2019 च्या वेतन संहितेने तो कायम ठेवला आहे. तरी 'रिसेप्शनिस्ट पाहिजे, फक्त महिला, अविवाहित, स्मार्ट' अशी जाहिरात आजही कुठल्याही शहरात सापडते. तमिळनाडूतल्या आयफोन जोडणीच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना कामावर घेतलं जात नाही, असं 2024 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने उघड केलं. त्यानंतर भरती करणाऱ्या एजन्सींना जाहिरातींतून वय, लिंग, वैवाहिक स्थिती काढायला सांगण्यात आलं, अशा बातम्या आल्या. जाहिरातीतून ओळ गेली म्हणजे मनातून गेली असं नव्हे. पण छापील ओळीवर निदान बोट ठेवता येतं.

संदिग्ध जाहिरातींचा सगळ्यात मोठा लाभ ठगांना होतो, याकडे कमी लक्ष जातं. 'घरबसल्या डेटा एंट्री', 'थायलंडमध्ये कस्टमर सपोर्ट, आकर्षक पगार' अशा जाहिरातींच्या मागे लागून भारतीय तरुण म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर जाऊन अडकले. परराष्ट्र मंत्रालय 2022 पासून त्याबद्दल इशारे देत आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, हे तपासायला हवं खरंच. पण खऱ्या कंपन्याही नाव न देता, पगार न सांगता, 'मर्यादित जागा, त्वरा करा' लिहीत असतील तर बुलढाण्याच्या मुलाने खरं-खोटं ओळखायचं कशावरून? सभ्य कंपन्यांनी स्पष्ट लिहायला सुरुवात केली तर गुळमुळीत जाहिरात आपोआप संशयास्पद दिसू लागेल.

आता आक्षेपांकडे. पगार छापला तर आधीपासून काम करणारे कुरकुरतील, हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे. खरंच कुरकुरतील. आठ वर्षं काम केलेल्या बाईंना 31,000 आणि नव्या माणसासाठी 36,000 छापले, तर त्या दारात येऊन उभ्या राहणारच. पण हा दोष जाहिरातीचा कसा? ती तफावत आजही आहे, ती चहाच्या टपरीवर कधीतरी कळतेच, आणि तेव्हा त्या बाई भांडत नाहीत, गुपचूप दुसरीकडे अर्ज टाकतात. स्पर्धकाला आमचा पगार कळेल, या भीतीत फार दम नाही; एकाच एमआयडीसीत कोण किती देतो हे तिथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. घासाघीस करायला जागा राहत नाही म्हणावं, तर आकड्यांचा पट्टा द्या, कमीत कमी इतके ते जास्तीत जास्त इतके, त्यात हवी तेवढी घासाघीस करा.

पट्ट्याचा गैरवापर होतो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. न्यूयॉर्क शहरात 1 नोव्हेंबर 2022 पासून जाहिरातीत पगाराचा पट्टा देणं सक्तीचं झालं आणि पहिल्याच दिवसांत एका बड्या बँकेच्या काही जागांपुढे शून्य ते वीस लाख डॉलर असा पट्टा झळकला. बँकेने ती तांत्रिक चूक असल्याचं सांगितलं. कोलोरॅडोत 2021 पासून असा कायदा आला तेव्हा काही कंपन्यांनी घरून करायच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत 'कोलोरॅडोतले रहिवासी वगळून' असं लिहून पळवाट काढली. ऑस्ट्रियात 2011 पासून किमान वेतन लिहावं लागतं. तिथे बरेच मालक कामगार संघटनांशी झालेल्या करारातलं किमान लिहून पुढे 'जास्त देण्याची तयारी' असं जोडतात, म्हणजे पुन्हा झाकपाक आलीच. यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही, तो नीट लिहावा लागेल एवढं कळतं. वरचा आकडा खालच्याच्या दीडपटीहून मोठा नसावा आणि आकडा हातात येणाऱ्या रकमेचा असावा, अशा दोन अटी मी घालीन. युरोपीय संघाच्या पगाराच्या पारदर्शकतेबद्दलच्या 2023 च्या निर्देशाने सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात आणायला 7 जून 2026 पर्यंतची मुदत दिली होती. उमेदवाराला मुलाखतीआधी सुरुवातीचा पगार किंवा पट्टा कळवायचा आणि त्याचा मागचा पगार विचारायचा नाही, असं तो सांगतो.

परदेशी दाखल्यांचीही फार गरज नाही, कारण आपल्याकडे हे कागदावर 1960 पासून आहे. 1959 च्या सेवायोजन कार्यालयांच्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. त्याखालच्या 1960 च्या नियमांत काय काय कळवायचं ते होतं : पदनाम, कामाचं वर्णन, पात्रता, जागांची संख्या, पगार आणि भत्ते, कामाचं ठिकाण, मुलाखतीची माहिती. चांगल्या जाहिरातीचा सांगाडा यापेक्षा वेगळा नसतो. महिना साठ रुपयांहून कमी पगाराच्या जागांना या कायद्यातून सूट होती, यावरून त्याचं वय कळावं. माणूस त्या कार्यालयामार्फतच घ्या अशी सक्ती नव्हती. जागा कळवली नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. पाळणारे थोडे आणि विचारणारे त्याहून थोडे. आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या एका प्रकरणाने या कायद्याची जागा घेतली आहे. मालकाने पगाराची माहिती सरकारी खिडकीला द्यायची हे आपण साठ वर्षांपूर्वीच मान्य केलं, फक्त ज्याला ती हवी त्या उमेदवाराला द्यायची, एवढं राहिलं.

छोट्या दुकानदाराला या फंदात पाडू नये, असं मलाही वाटतं. पेठेतल्या मेडिकलवाल्याने काचेवर 'मुलगा पाहिजे' चिकटवलं तर चिकटवू द्यावं. पण 25 माणसांच्या वरच्या आस्थापनांवर आणि सगळ्या नोकरी पोर्टलांवर ही अट घालता येईल. पगाराचा रकाना रिकामा असेल तर पोर्टलने जाहिरात स्वीकारूच नये. मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी संगणकप्रणाली पगारासाठीही अडवू शकते.

सुरुवात शासनाने स्वतःच्या दारात करावी. राज्याच्या महास्वयम् या रोजगार पोर्टलवर ही अट उद्यापासून लावायला विधिमंडळात जायची गरज नाही. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 असे आकडे स्वच्छ होते, पण मुदत संपल्यावर पुढे काय, याचा प्रचार तितक्या मोठ्या आवाजात झाला नाही. मग तीच मुलं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. आणि खरी कसोटी बाह्यस्रोताच्या, म्हणजे ठेकेदारामार्फत भरलेल्या, जागांवर आहे. सप्टेंबर 2023 मध्ये खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण रुग्णालयातले सफाई कामगार, कार्यालयातले डेटा एंट्री ऑपरेटर, सुरक्षारक्षक हे ठेकेदारामार्फतच येतात, तेव्हाही आणि आजही. त्यांच्या जाहिरातीत दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत : त्या जागेसाठी शासन एजन्सीला दरमहा किती देतं आणि कामगाराच्या खात्यात किती जमा होतात.